टिंबं देऊन राखलेली ओळ

डॉन एल्बियो एचेगोयेन यांच्याबद्दल आमच्या दुरास्नो गावात कोणालाही विचारा. तो आधी हसेल, आणि मग सुल्मा काब्रेराचं घर त्यांनी कसं घालवलं ते सांगेल. मी त्या माणसाच्या शेजारच्या टेबलावर एकवीस वर्षं टायपिंग केलं आहे. तेव्हा हसायचा पहिला हक्क माझा, आणि सांगायचाही.

आमचं ऑफिस नोटरीचं. चौकाच्या कोपऱ्यावर, औषधाच्या दुकानाला लागून. खरेदीखतं, मुखत्यारपत्रं, मृत्युपत्रं, हीच रोजची भाकरी. डॉन एल्बियो तिथले हेडक्लार्क. सतराव्या वर्षी सारांदीहून पुठ्ठ्याची पेटी घेऊन आले, थोरल्या नोटरीसाहेबांच्या हाताखाली लागले आणि त्रेसष्टाव्या वर्षीही त्याच खुर्चीत होते. लग्न केलं नाही. कोण करून घेणार? तरुणपणी एका मुलीशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि तिची पत्रं ते लाल शाईने दुरुस्त करून तिलाच परत पाठवायचे, असं गावात सांगतात. मी शहानिशा केलेली नाही, पण शंका घ्यायला मला तरी जागा दिसत नाही.

दुरुस्ती हे त्यांचं काम नव्हतं, तो त्यांना जडलेला रोग होता. खानावळीत गेले की आधी मेनूकार्ड तपासायचे, मग जेवायचे. पाद्रीबाबांच्या रविवारच्या पत्रकावर मागच्या बाकावर बसून पेन्सिल चालवायचे. सकाळी रेडिओवर मयतांची नावं लागली की येर्बाच्या कडू चहाचा पेला तोंडापासून बाजूला धरून निवेदकावर खेकसायचे, "'दुःखद' दोनदा झालं, गाढवा!" मेलेल्याचं कोणाला काही नाही, ह्यांना विशेषणाचं सुतक.

एकाच पानावर एक शब्द पुन्हा आला की त्यांच्या कपाळाला आठी पडे.

"निबिया," ते मला म्हणायचे, "हे दारिद्र्य आहे, बाई. कालचाच शर्ट आज घालून आलीस तू."

त्यांच्या स्वतःच्या घरात तीन शर्ट होते आणि तिन्ही करडे. हे मी मोजलेलं आहे.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. नोटरीच्या कागदावर खोडणं म्हणजे लपवणं नव्हे. शब्द खोडायचा तो एका बारीक रेघेने, खालचा शब्द वाचता आला पाहिजे असा. खोडल्यावर वाटलं की नको, आधीचाच बरा होता, तर त्याच्याखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, 'ग्राह्य'. टिंबं दिलेला शब्द जिवंत. आणि सगळं झाल्यावर, सह्यांच्या आधी, पानाच्या शेवटी सगळ्या दुरुस्त्यांची कबुली द्यायची: खोडलेले अमुक, ग्राह्य नाही. ओळींमध्ये लिहिलेले तमुक, ग्राह्य. ही कबुली नसेल तर दुरुस्ती फुकट. डॉन एल्बियोंच्या कबुल्या मूळ दस्तापेक्षा लांब असायच्या. अक्षर मात्र सुरेख, हे नाइलाजाने मान्य करते.

थोरले साहेब गेले आणि त्यांची मुलगी सबीना नोटरी झाली. माँतेव्हिदेओत शिकलेली, चौतिशीची, बोलताना घड्याळ बघणारी. तिने कागदाचे मसुदे बंद केले आणि दोघांपुढे एकेक टॅब ठेवला. डॉन एल्बियोंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आठवडाभर टॅबवर ते आपला थर्मास ठेवत होते. मग सबीनाने त्याचं पेन आणलं. पांढरं, गुळगुळीत, काचेवर लिहिणारं. ते पेन हातात घेतलं आणि म्हातारा विरघळला. नवरीने अंगठी बघावी तसा उजेडात धरून बघत बसला.

त्या दिवसापासून ऑफिसात तमाशा सुरू झाला. ते पेन ते कोटाच्या वरच्या खिशात लावून मिरवायचे, बाजारात, चर्चमध्ये, नदीकाठी फिरायला जातानाही. लिहून झालं की फडक्याने टोक पुसायचे. शाई नाही, काही नाही, पण पुसायचे. आणि लिहायला घेण्याआधी टोक जिभेला लावायचे, जुन्या कॉपिंग पेन्सिलीला लावत तसं. सबीनाने एकदा पाहिलं.

"डॉन एल्बियो, अहो, ते बॅटरीवर चालतं!"

"म्हणूनच जरा आंबट लागतं," ते गंभीरपणे म्हणाले.

मी पानावर डोकं खाली घालून हसले. घरी जाऊन पुन्हा हसले.

त्या टॅबच्या दोन तऱ्हा होत्या. एका तऱ्हेत पेनाच्या रेघा टाइप केलेल्या मजकुराच्या वर तरंगत राहायच्या, काचेवर लिहिल्यासारख्या. मग मी त्या बघून मजकूर सुधारायचा. दुसऱ्या तऱ्हेत पेन थेट मजकुरालाच हात घालायचं. शब्दावर खरवडलं की शब्द गेला, लिहिलं की लिहिलेलं आपोआप टाइप होऊन ओळीत जाऊन बसलं. सबीनाने आम्हा दोघांना समोर बसवून दाखवलं. चुकून काही गेलंच तर दोन बोटांनी काचेवर टकटक केलं की गेलेलं परत येतं, तेही दाखवलं.

"ही टकटक लक्षात ठेवा, डॉन एल्बियो."

"गेलेलं परत आणायला मी काय जादूगार आहे, पोरी? मी आधीच विचार करून खोडतो."

मी ती टकटक लक्षात ठेवली. त्यांनी नाही ठेवली. वर कोपऱ्यात कुठली तऱ्हा चालू आहे ते दाखवणारं चित्र असे, तेही त्यांनी कधी पाहिलं नाही. चष्मा लावायचा म्हणजे म्हातारे झाल्याची कबुली, आणि ती कबुली तेवढी हे द्यायला तयार नव्हते. पान बोटांनी इतकं मोठं करायचे की काचेवर दोन ओळी मावायच्या, आणि नाक लावून वाचायचे.

पहिला प्रसाद बोचास क्लबाला, म्हणजे गोळे फेकायचा खेळ खेळणाऱ्यांच्या क्लबाला, मिळाला. वार्षिक जेवणाची नोटीस तपासायला त्यांच्याकडे आली होती, फुकट, आवडीने. त्यांनी एक शब्द खोडला, मग राखावासा वाटला, समासात 'ग्राह्य' लिहिलं. पेन दुसऱ्या तऱ्हेत होतं. नोटीस छापून क्लबाच्या दारावर लागली: 'सभासदांनी आपापल्या पत्नीसह ग्राह्य यावे.' तेव्हापासून गाव त्यांना श्रीयुत ग्राह्य म्हणू लागलं. बेकरीवाला पाव देताना विचारायचा, "हा भाजलेला ग्राह्य आहे ना, डॉन एल्बियो?" आणि हे गृहस्थ तो पाव उलटून बघायचे, खरोखर तपासायचे. लाज हा प्रकार देवाने त्यांच्या पेटीत घातलाच नव्हता.

सबीनाने मग समासात शब्द लिहायला बंदी केली. "टिंबं द्या हवी तर, शब्द नको." ते कबूल झाले. टिंबांची सवय कोण मोडणार होतं?

माझं आणि त्यांचं खरं वाकडं आलं ते माझ्या अर्जावरून. वर्षाअखेर ते निवृत्त होणार होते आणि हेडक्लार्कची जागा रिकामी होणार होती. मी सबीनाच्या नावाने अर्ज लिहिला, पाऊण पान. एकवीस वर्षं त्या पाऊण पानात घातली होती. सबीनाने, भोळीच ती, तो अर्ज 'जरा बघून द्या' म्हणून त्यांच्याच टॅबवर धाडला. त्यांनी सदतीस दुरुस्त्या केल्या. सदतीस! लाल वर्तुळं, लाल बाण, आणि तळाशी शेरा: 'अर्जदाराकडे निष्ठा आहे, भाषा नाही.' त्यानंतर कुठेतरी बोट पडलं असावं, कारण तो कागद रंगीत छापून बाहेर आला, बाहेरच्या दालनातल्या छपाईयंत्रातून, जिथे चार पक्षकार बसले होते. त्यातल्या एका बाईने तो मला आणून दिला.

"हे तुमचं वाटतं," ती म्हणाली.

डॉन एल्बियो टोक पुसत होते. "राग मानू नकोस, निबिया. सुधारशील."

मी राग मानला. उगाच साळसूदपणा कशाला? मला त्या माणसाची घाण वाटायला लागली. त्याच्या कोलन-अत्तराच्या वासाची, त्याच्या पॉलिश केलेल्या बुटांची, त्या पांढऱ्या पेनाची. कधीतरी हा चारचौघांत तोंडघशी पडावा, एवढंच मी मागत होते.

आता सुल्माचं. डोन्या दोरिला पिंतोस म्हणजे नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचं निळ्या दाराचं घर. वय चौऱ्याऐंशी, कानाने अधू, जिभेने धारदार. सुल्मा काब्रेरा एकोणिसाव्या वर्षी तिच्याकडे शिवणाला मदत करायला आली आणि बत्तीस वर्षं राहिली. दुखण्याखुपण्यात उठवणं-बसवणं, न्हाऊ घालणं, सगळं तिनेच. दोन भाचे राजधानीत होते. ते वर्षातून एकदा, नव्या वर्षाच्या दिवशी, फोन करायचे आणि 'मावशी, आवाज येत नाही' म्हणून ठेवायचे. घर सुल्माला जाणार हे रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. पण आमच्या देशात कुत्र्यांची साक्ष चालत नाही, कागद लागतो. कागद नसेल तर घर भाच्यांचं आणि सुल्मा रस्त्यावर.

मजकूर लिहून घ्यायला मी गेले होते. सुल्माने तोर्ता फ्रिता, आमच्याकडच्या जाड पुऱ्या, तळल्या, साखर घालून पुढे ठेवल्या आणि बाहेर अंगणात जाऊन बसली. आपल्याबद्दल काय लिहितात ते ऐकू नये म्हणून.

"लिही," डोन्या दोरिला म्हणाली. "माझ्याजवळ राहणारी सुल्मा काब्रेरा हिला माझं शिलाईयंत्र आणि कपाटातलं सगळं कापड. लिहिलंस? माझ्याजवळ राहणारी सुल्मा काब्रेरा हिला हे घर, अंगणासकट, विहिरीसकट. लिहिलंस? माझ्याजवळ राहणारी सुल्मा काब्रेरा हिला भिंतीवरचं घड्याळ आणि चिनीमातीची भांडी. उरलेलं त्या दोन मुक्यांना."

"डोन्या दोरिला, नाव एकदाच घालून तिन्ही गोष्टी एकत्र लिहिल्या तर?"

"तीनदाच घाल. एकदाच घातलंस तर म्हणतील म्हातारीचा तोल गेला होता. तीनदा कोणी चुकून म्हणत नाही."

सह्यांचा दिवस ठरला पर्यटन-सप्ताहाच्या आधीचा शुक्रवार. इतर देशांत त्याला पवित्र सप्ताह म्हणतात. आमच्याकडे सरकारने देवाला कधीच रजा दिली आहे, म्हणून पर्यटन. काही म्हणा, आठ दिवस सगळा देश बंद. ज्याला गाडी आहे तो समुद्रावर, ज्याला नाही तो नदीवर, आणि ऑफिसांना कुलूप.

शुक्रवारी सकाळी मसुदा डॉन एल्बियोंच्या टॅबवर होता. मी शेजारीच होते. पान मोठं केलेलं, नाक काचेला.

"तीनदा!" ते पुटपुटले. "'माझ्याजवळ राहणारी', 'माझ्याजवळ राहणारी', 'माझ्याजवळ राहणारी'. अरे, ही मृत्युपत्र करते आहे की जपमाळ ओढते आहे?"

पेन जिभेला लावलं आणि दुसऱ्या वाक्यावर खर्रकन ओढलं.

"तिनेच सांगितलंय तीनदा घालायला," मी न बघता म्हटलं.

ते थांबले. विचार केला. "मृत्युपत्र करणारीची इच्छा?"

"हो."

"मग प्रश्नच नाही. म्हाताऱ्या माणसाला दारिद्र्य माफ." आणि त्यांनी मोठ्या उदारपणे टिंबं दिली, एकेक, टकटक आवाज करत, वाक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पेन दुसऱ्या तऱ्हेत होतं. खरवडलेलं वाक्य त्याच क्षणी गेलं होतं, आणि त्याच्या जागी खालचं वाक्य वर सरकलं होतं. त्याचीही सुरुवात तीच, 'माझ्याजवळ राहणारी सुल्मा काब्रेरा हिला'. डॉन एल्बियोंनी टिंबं दिली ती घड्याळाला आणि चिनीमातीच्या भांड्यांना. टॅबला टिंबं कळत नाहीत. डास चावल्यासारखी ती सोसून त्याने पान होतं तसं ठेवलं. वाक्याची सुरुवात जागच्या जागी आहे एवढं त्या चष्मा न लावलेल्या डोळ्यांना दिसलं, आणि त्यांनी पेन पुसून टॅबवर ठेवलं.

"छाप," टॅब माझ्याकडे सरकवत ते म्हणाले.

मी ते न वाचताच छापलं. हेडक्लार्कने तपासलेल्या कागदावर मी, भाषा नसलेली बाई, काय वेगळं वाचणार होते?

अकरा वाजता सगळे जमले. डोन्या दोरिला मखमली टोपी घालून आली होती. साक्षीदार तिघे, चौकातलेच: औषधवाला, बेकरीवाला आणि रेल्वेतून निवृत्त झालेला एक गृहस्थ, ज्याने आपली मासे धरायची काठी दाराशी टेकवून ठेवली होती. सुल्मा बाहेरच्या बाकावर, हातात म्हातारीचा कोट. आत आली नाही.

सबीनाने रीतीप्रमाणे मोठ्याने वाचलं. मोठ्याने आणि भरभर, कारण तिची गाडी बाहेर सामान भरून उभी होती. डोन्या दोरिला कानामागे हात धरून बसली होती. 'माझ्याजवळ राहणारी सुल्मा काब्रेरा' आलं की टोपी हलवून हो म्हणायची. एकदा हलवली. दुसऱ्यांदा हलवली. तिसऱ्यांदा यायचं होतं ते आलंच नाही, पण तोवर भाच्यांचं सुरू झालं होतं आणि तिने तोंड वाकडं केलं. माझं सगळं लक्ष डॉन एल्बियोंकडे होतं. ते डोळे मिटून, पोटावर हात बांधून, संगीत ऐकावं तसे ऐकत होते.

"कोणाला काही सुचवायचं आहे?" सबीनाने विचारलं. हेही रीतीचंच.

डॉन एल्बियो उठून उभे राहिले. "एक स्वल्पविरामसुद्धा नाही," ते म्हणाले, आणि खिशातल्या पेनावरून बोट फिरवलं.

डोन्या दोरिलाने सही केली. साक्षीदारांनी केली. सबीनाने शिक्का मारला आणि पंधरा मिनिटांत ऑफिसला कुलूप पडलं. पायऱ्या उतरताना म्हातारीने सुल्माच्या दंडाला धरलं आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "झालं गं. आता मेले तरी चालेल."

बुधवारी ती गेली. सप्ताहाच्या मधल्या दिवशी, दुपारी, खुर्चीत. सबीना समुद्रावर होती.

पुढचं गावाला पाठ आहे. भाचे आले, या वेळी आवाज नीट येत होता. ऑफिस उघडल्यावर मृत्युपत्राची नक्कल काढली आणि सबीनाने ती सुल्मासमोर वाचली. शिलाईयंत्र, कापड, घड्याळ, भांडी. सुल्मा थांबून राहिली, अजून काही असेल म्हणून. मग म्हणाली, "घराचं मागच्या पानावर आहे का?"

मागचं पान कोरं होतं.

"मी टिंबं दिली होती," डॉन एल्बियो म्हणाले. टॅब उघडला, पान मोठं केलं, नाक लावलं. बोटाने वर गेले, खाली आले. खिडकीशी नेऊन उजेडात तिरपा धरला, कागदावरचा दाब शोधावा तसा. "मी टिंबं दिली होती, सबीना. पहिल्यापासून शेवटपर्यंत. निबियाने आवाज ऐकलाय." मग त्यांनी खिशातून चष्मा काढला, जो त्यांच्याकडे आहे हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं, आणि तो लावून पुन्हा एकदा वाचलं. खाली बसले. पेन टेबलावर ठेवलं, पुसलं नाही.

त्या माणसाने तोवर आयुष्यात एक चूक कबूल केली नव्हती. ती कसर त्यांनी एका दिवसात भरून काढली. टोपी घालून चालत नदीकडच्या रस्त्याला गेले आणि निळ्या दारात उभे राहून सुल्माला सांगितलं, की डोन्या दोरिलाने घर दिलं होतं, मी खोडलं. मग पांढऱ्या कागदावर, खऱ्या शाईने, तेच कोर्टासाठी लिहून दिलं. दीड वर्ष खटला चालला. न्यायाधीशबाईंनी शेवटी सांगितलं ते कोणीही सांगितलं असतं: सहीच्या वर जे आहे तेच म्हातारीचं म्हणणं. खोडलेलं तिथे दिसत नाही, टिंबं दिसत नाहीत, आणि हेडक्लार्कची आठवण म्हणजे मृत्युपत्र नव्हे. भाच्यांनी घर एका दंतवैद्याला विकलं. दार आता पांढरं आहे.

डॉन एल्बियोंनी नक्कल वाचली गेली त्याच आठवड्यात नोकरी सोडली होती. ते आता चौकातल्या बाकावर बसतात आणि कशाचीही दुरुस्ती करत नाहीत. मागच्या महिन्यात क्लबाच्या नोटिशीत एक शब्द तीनदा आला होता. ती वाचली आणि पुढे गेले. शाळेतली पोरं लांबून ओरडतात, "ग्राह्य!" आणि पळतात. मोठी माणसं ओरडत नाहीत, बाक बदलतात.

मी हेडक्लार्क झाले. पांढरं पेन माझ्याकडे आलं.

सुल्मा बेकरीच्या मागच्या खोलीत भाड्याने राहते. यंत्र खिडकीशी, घड्याळ भिंतीवर, भांडी अजून खोक्यात, कारण ठेवायला जागा नाही. मी माझे कपडे तिच्याकडेच देते. परवा स्कर्टची किनार सोडवून घ्यायला गेले होते. तोंडात टाचण्या धरून ती माझ्या पायाशी गुडघ्यांवर बसली होती.

"त्या म्हाताऱ्याचा हात झडो," ती टाचण्यांमधून म्हणाली. "बत्तीस वर्षं, निबिया. एका फटक्यात. असा कसा माणूस असतो गं?"

"असतात," मी म्हटलं. "वळू का?"

"वळ."

आमच्या धंद्यात पानाच्या शेवटी कबुली देतात, हे मी वर सांगितलं आहे. ती माझ्याकडे कोणी मागितली नाही, कारण डॉन एल्बियोंनी आपली दिल्यावर दुसरी कोणाला लागलीच नाही. टॅबच्या पोटात कोणी हात घातला नाही. घातला असता तर तिथे वेळेसकट सगळं होतं. आता ते नाही, मी जुना टॅब बदलून घेतला. तेव्हा इथे, माझ्या हाताने:

खोडलेले: 'मी ते न वाचताच छापलं' — ग्राह्य नाही.

ओळींमध्ये लिहिलेले: 'छापण्याआधी मी ते वाचलं. तीनऐवजी दोन वाक्यं दिसली. दोन बोटांनी टकटक केली, आणि घर परत आलं, अंगणासकट, विहिरीसकट. मिनिटभर मी त्याच्याकडे बघत बसले. मग मला माझे सदतीस लाल डाग आठवले, आणि सबीना मोठ्याने वाचताना साक्षीदारांदेखत अडखळेल तेव्हा त्या माणसाचं तोंड कसं दिसेल ते दिसलं. मी पेन उचललं आणि ते वाक्य पुन्हा खरवडून काढलं. सबीना अडखळली नाही. "कोणाला काही सुचवायचं आहे?" असं तिने विचारलं, तेव्हा मी तिथेच होते' — ग्राह्य.